आईबाबांसह रोम, चार दिवस: तिकिटं, चालणं, खाणं

विषय: आईबाबांसह रोम, चार दिवस

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरात आईबाबांना घेऊन रोमला जायचं आहे, चार दिवस. आई सपाटीवर तासभर आरामात चालते, पण जिने आले की गुडघे बोलायला लागतात. बाबांना सगळंच बघायचंय. दोघेही शाकाहारी, अंडंही चालत नाही. मुक्काम तेर्मिनी स्टेशनपाशी. आधी कोणती तिकिटं काढून ठेवावीत, आणि आईला झेपेल असा क्रम कसा लावावा?

– श्टुटगार्टहून

विषय: उत्तर: आईबाबांसह रोम, चार दिवस

दादा, नमस्कार.

आधी काढायची तिकिटं तीन: कोलोसियम, व्हॅटिकन म्युझियम आणि शिल्पांची आवड असेल तर बोर्गेझे गॅलरी. बोर्गेझेत दोन-दोन तासांच्या वेळा ठरवून देतात, वेळ संपली की बाहेर यावं लागतं. आरक्षणाशिवाय तिथे जाऊ नका. पँथिऑनला (घुमटाचं जुनं रोमन मंदिर, आता चर्च) जुलै २०२३ पासून तिकीट आहे, पण ते आयत्या वेळीही जमतं.

कोलोसियमची तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर ३० दिवस आधी खुली होतात आणि सोयीच्या वेळा पटापट संपतात. तिकीट नावानिशी असतं आणि दारात ओळखपत्राशी ताडून बघतात. आपल्या लोकांचा घोळ इथेच होतो. मराठी माणसाच्या पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुधा पहिल्या नावाच्याच रकान्यात असतं. तिकिटाच्या फॉर्मवरही ते तसंच भरा आणि पासपोर्ट बरोबर ठेवा. काचेच्या बाटल्या आणि मोठ्या सॅक आत नेता येत नाहीत, आणि सामान ठेवायची सोयही नाही. तेव्हा मुक्काम सोडायच्या दिवशी कोलोसियम नको. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो, पण आधी तिकीट मिळत नाही आणि रांग फार लांब असते. आईंना घेऊन तो दिवस टाळाच.

त्याच तिकिटात फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि शेजारची पॅलेटाइन टेकडीही येते, आणि साधं तिकीट २४ तास चालतं. पहिल्या दिवशी दुपारी उशिरा कोलोसियम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर फोरम, असं करा. फोरमची वाट म्हणजे बसाल्टच्या मोठ्या, झिजून गोलसर झालेल्या फरश्या, मध्ये बोटभर फटी. गुडघ्यांपेक्षा घोट्यांनाच तिचा त्रास जास्त. आईंना आत न्यायचं नसेल तर कॅपिटोलाइन टेकडीवर न्या. वरच्या राजवाड्याच्या दोन्ही बाजूंनी मागे गेलं की अख्खा फोरम खाली पसरलेला दिसतो, तोही विनातिकीट. बाबा आत फिरतील, आई वरून बघतील. चढताना मात्र जपा. पायथ्याशी शेजारी-शेजारी दोन वाटा आहेत. डावीकडचा १२४ पायऱ्यांचा उभा जिना आराकोएली चर्चचा, तो आपला नव्हे. उजवीकडची मायकेलअँजेलोची चढण रुंद आणि अगदी सावकाश चढणारी आहे.

व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी फुकट उघडतं, पण तेव्हा गर्दीत भिंती दिसत नाहीत. बुधवारी सकाळी सेंट पीटर्स चर्चसमोरच्या चौकात पोपची सभा असते, चर्चमध्ये जायला ती वेळ सोडा. म्युझियममध्ये ओळखपत्र ठेवून व्हीलचेअर मिळते, पैसे पडत नाहीत. आई म्हणतील, ‘मला कशाला?’ तरी घ्या. सिस्टीन चॅपलपर्यंतची दालनं संपता संपत नाहीत, आणि मान वर करून छत बघायची वेळ येते तेव्हा पायांत बळ उरलेलं नसतं. चॅपलमधून थेट सेंट पीटर्समध्ये जाणारी वाट साधारण गाइडबरोबरच्या गटांसाठी असते, तिच्या भरवशावर राहू नका. बाहेर पडून भिंतीकडेने चौकात यायला पंधराएक मिनिटं लागतात. सेंट पीटर्सला तिकीट नाही, पण तपासणीची रांग आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. घुमटाला ५५१ पायऱ्या. लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात, आणि शेवटी जिना इतका अरुंद होतो की भिंतीच्या कलाप्रमाणे अंगही वाकडं करावं लागतं. तो फक्त बाबांचा.

– कार्ल्सरूहेहून

विषय: उत्तर: उत्तर: आईबाबांसह रोम, चार दिवस

नमस्कार,

ताईंनी तिकिटांचं सगळं सांगितलंच आहे. मी चर्च आणि खाण्याबद्दल लिहितो, कारण रोममध्ये जे अव्वल आहे ते बरंचसं फुकट आणि बसून बघण्यासारखं आहे, आणि लोक तेच सोडून येतात.

पियात्सा नवोना या चौकाजवळचं सान लुइजी देई फ्रान्चेझी चर्च. आत शिरल्यावर डाव्या हाताचं पाचवं दालन. तिथे संत मॅथ्यूवरची काराव्हाज्जोची तीन चित्रं आहेत. दालनात अंधार असतो, पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो. सुटे ५० सेंट आणि एक युरो खिशात ठेवा. डावीकडच्या चित्रात जकात मोजणाऱ्या माणसांवर उजवीकडून तिरपा उजेड पडलाय. आता वेदीच्या वर बघा, दालनातली खरी खिडकीही उजवीकडेच आहे. चित्रकाराने जागेवरचा उजेड चित्रात घेतला, म्हणून हे चित्र तिथेच बघायचं, पुस्तकात ते कळत नाही. काराव्हाज्जोची आणखी दोन चित्रं सांता मारिया देल पोपोलो चर्चमध्ये, मुख्य वेदीच्या डावीकडे. मेट्रो ए, फ्लामिनिओ स्टेशन.

मायकेलअँजेलोचा मोझेसचा पुतळा सान पिएत्रो इन विंकोली चर्चमध्ये आहे. काव्हूर स्टेशनकडून गेलात तर कमानीखालून उभा जिना लागतो. कोलोसियमच्या बाजूने या, चढ आहे पण रस्त्याने जाता येतं. हे चर्च दुपारी साडेबारा ते तीन बंद असतं. बरीच चर्चं दुपारी अशीच बंद असतात, रविवारी सकाळी प्रार्थना असते. म्हणून सकाळी चर्च, दुपारी जेवण आणि विश्रांती, चारनंतर पुन्हा बाहेर. हा क्रम आईंनाही सोसेल.

आता खाणं. चीज हाच मुख्य प्रश्न. पेकोरिनो रोमानो हे चीज कोकराच्या पोटातल्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने) आणि पार्मेझान वासराच्या रेनेटने बनतं. काच्यो ए पेपे हा पास्ता नुसता मिरी-चीजचा वाटतो, पण त्यात पेकोरिनोच असतं. चालतं की नाही ते आधी घरीच ठरवा, टेबलावर बसून वाद नको. अंडं चालत नसेल तर ताजा पास्ता नको. तोन्नारेल्ली, फेत्तुच्चिने अंड्याचे असतात. सुका स्पगेत्ती किंवा रिगातोनी रवा-पाण्याचा असतो. सॉस आराब्यात्ता (तिखट टोमॅटोचा) किंवा पोमोदोरो (साधा टोमॅटोचा) सांगा, चीज वेगळं आणायला लावा. आमात्रिच्याना सॉसमध्ये डुकराच्या गालाची चरबी असते. सुप्लीच्या, म्हणजे भाताच्या तळलेल्या गोळ्यांच्या, भातात बहुधा खिमा असतो. भोपळ्याच्या फुलांची भजी दिसली की आपला माणूस हरखतो, पण रोममध्ये त्या फुलात मोझरेलाबरोबर अँचोव्ही मासा भरतात. ‘सेन्त्सा आलीची’ म्हणजे अँचोव्हीशिवाय, पण फुलं आधीच भरून ठेवलेली असतील तर सांगून उपयोग नाही. सगळ्यात बिनधास्त म्हणजे पिझ्झा मरिनारा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, चीज नाहीच. वजनावर विकणाऱ्या दुकानांत तुकडा केवढा हवा ते हाताने दाखवायचं.

– मानहाइमहून

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: आईबाबांसह रोम, चार दिवस

ताई, काका, मनापासून आभार. अजून दोनच गोष्टी: बस-मेट्रोचं कसं करावं? आणि पाऊस लागला तर?

– श्टुटगार्टहून

विषय: उत्तर: आईबाबांसह रोम (बस, पाऊस)

दादा, साधं तिकीट १०० मिनिटं चालतं. बस कितीही बदला, मेट्रोत मात्र एकदाच प्रवेश. कागदी तिकिटावर बसमधल्या यंत्रात शिक्का मारायचा. तो राहिला तर तिकीट असूनही दंड होतो. मेट्रोच्या दारात बँकेचं कार्ड टेकवूनही जाता येतं, पण माणशी एक कार्ड लागतं. आईबाबांना कागदी तिकिटंच द्या. तेर्मिनीहून व्हॅटिकनच्या बाजूला जाणाऱ्या ६४ नंबरच्या बसमध्ये खिसेकापू असतात, पाठीवरची सॅक पोटाशी घ्या. संप बऱ्याचदा शुक्रवारी होतो. त्या दिवशीही सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाच ते आठ गाड्या चालतात, बेत त्यात बसवा.

पावसात रस्त्यातले छोटे काळे दगड, सांपिएत्रिनी, फार निसरडे होतात. आईंना रबरी तळव्याचे, टाच धरणारे बूट द्या. चाकांची बॅगही त्यावर अडखळते. पाऊस थांबायच्या आत पँथिऑन गाठा. घुमटाच्या मधोमध उघडं भोक आहे, पाणी थेट आत पडतं, आणि फरशीला हलका उतार देऊन तिच्यात छिद्रं ठेवली आहेत, त्यातून ते निघून जातं.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रस्त्यावरच्या लोखंडी नळांना, नाझोनींना, पिण्याचंच पाणी असतं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक छिद्रातून धार उडते, वाकायला नको. सावकाश दाबा, नाहीतर पाणी चेहऱ्यावर येतं.

– कार्ल्सरूहेहून