मस्क्युलोस्केलेटल असेसमेंटला (हाडं, सांधे, स्नायूंच्या तपासणीला) नेमकी सुरुवात कुठून करायची? आजी ओरडल्या आणि मॅडमनी थांबवलं

बीएस्सी_दुसरं_वर्ष
काल प्रॅक्टिकलची रिहर्सल होती, पेशंट म्हणून एक पासष्टीच्या आजी मिळाल्या, उजवा खांदा दोन महिने दुखतोय म्हणून आलेल्या. मी इन्स्पेक्शन (नुसतं बघून तपासणं) केलं, सूज लाली काही नाही असं म्हटलं आणि सरळ त्यांचा हात धरून वर उचलायला गेले, तर त्या "अगं आई गं, सोड" करून ओरडल्या. मॅडम म्हणाल्या थांब तिथेच. मग विचारलं मसल पॉवर (स्नायूंची ताकद, ० ते ५ ग्रेड) किती, मी घाबरून ४ ठोकून दिलं, तर म्हणे ४ च का, ३ का नाही? मला सांगताच येईना. आणि फाइलीत सगळीकडे इन्स्पेक्शन, पाल्पेशन (चाचपणं), परकशन (ठोकून बघणं), ऑस्कल्टेशन (स्टेथोने ऐकणं) लिहिलंय, मग सांध्याला परकशन करायचं का नाही? पुढच्या आठवड्यात फायनल आहे, प्लीज कोणीतरी सांगा.

ऑर्थोवाली_सिस्टर
अगं पण हात तू का उचललास? आधी पेशंटने स्वतः उचलायचा, तो ॲक्टिव्ह. जिथे अडला तिथून पुढे गरज असेल तरच आपण हळूच आधार देऊन न्यायचा, तो पॅसिव्ह. त्यातही चांगली बाजू पहिली, म्हणजे नॉर्मल किती जातो ते कळतं आणि पेशंटची भीती पण जाते. आणि हे करताना नजर खांद्यावर कमी आणि आजींच्या तोंडावर जास्त, दुखलं की कपाळाला आठी पडते, तोंडाने "काय नाय, बरंय" म्हणतात या बायका.
आजींना शोल्डर ॲबडक्शन (हात बाजूने वर नेणं) म्हटलेलं काय कळणार? विचारायचं, आजी वेणी घालता येते का, पाठीमागे ब्लाउजचा हूक लावता येतो का, मांडी घालून बसता येतं का, उकिडवं बसून उठताना हात टेकावा लागतो का. वेणी घालायला हात वर आणि बाहेर फिरतो, पाठीमागे न्यायला आत फिरतो, अर्धी तपासणी तिथेच होते. सूज बघितलीस पण दोन्ही खांदे एका उंचीला आहेत का, स्नायू वाळलेत का बघितलं का? गरम लागतंय का ते हाताच्या मागच्या बाजूने बघ.
आजींना शुगर आहे का विचारलंस? शुगरवाल्यांचा खांदा बऱ्याचदा धरतो. स्वतः उचलला तरी जात नाही आणि आपण उचलला तरी जात नाही, बाहेर फिरवायला तर अजिबात, तर तो धरलेला खांदा (फ्रोजन शोल्डर) असायची शक्यता. स्वतः उचलत नाही पण आपण उचलला की जातो, तर स्नायू किंवा नर्व्हचा विचार करायचा. निदान डॉक्टर करतील, तू काय दिसलं ते नीट लिही.
परकशन सांध्याला नसतं. कण्यावर दुखतंय का बघायला मुठीने हलकं ठोकतात तेवढंच. कटकट वाजतं का ते सांध्यावर हात ठेवून जाणवतं, स्टेथो लागत नाही.

फिजिओवाला
ग्रेडचं सोपं आहे, ३ पाठ कर, बाकीचे आपोआप बसतात. हात स्वतःच्या वजनाविरुद्ध पूर्ण वर गेला पण तू जरा दाब दिलास की पडला, तर ३. दाबाला थोडा टिकला तर ४, पूर्ण टिकला तर ५. वर जात नाही पण हाताचं वजन आपण पेललं, म्हणजे आडवा ठेवून सरकवता येतो, तर २. नुसता स्नायू फडफडला तर १, काहीच नाही तर ०. दाब दिल्याशिवाय ४ म्हणताच येत नाही, मॅडमचा प्रश्न तोच होता.
पण तुझ्या आजींच्या बाबतीत एक भानगड आहे. दुखतंय म्हणून त्यांनी हात सोडला असेल तर तो अशक्तपणा नाही. अशा वेळी आकडा ठोकायचा नाही, "वेदनेमुळे पॉवर नीट तपासता आली नाही" असं लिहायचं. परीक्षेत हे बोललीस तर मॅडम खूश होतील, होत नसतील तरी उत्तर बरोबरच आहे.

नाईट_ड्युटी_ब्रदर
थोडं वेगळं सांगतो, कारण प्रॅक्टिकलला प्लास्टरवाला पेशंट पण येऊ शकतो. मी नवीन होतो तेव्हा रात्री हाताला प्लास्टर घातलेला एक मुलगा सारखा "दुखतंय, दुखतंय" करत होता, इंजेक्शन दिलं तरी थांबेना, सगळे म्हणाले लाडावलाय. मी नाडी बघितली, लागत होती, म्हणून निर्धास्त. मग सीनियर सिस्टरनी येऊन त्याची बोटं हळूच सरळ केली तर पोरगं किंचाळलं. लगेच डॉक्टरांना फोन, प्लास्टर कापलं. नाडी लागतेय म्हणजे सगळं ठीक असं नसतं, आत दाब वाढला की नाडी सगळ्यात शेवटी जाते. म्हणून बोटांचा रंग, गारपणा, मुंग्या, हलवता येतात का, नख दाबून सोडल्यावर २ सेकंदात परत लाल होतं का, आणि बोटं ताणली की जीव जातो का, हे दर वेळी बघून वेळेसकट लिहायचं.
आणि फ्रॅक्चरचा संशय असेल तर रेंज ऑफ मोशन (सांधा किती हलतो ते हलवून बघणं) करायचंच नाही. काही मुलं उत्साहात करतात.

बीएस्सी_दुसरं_वर्ष
थँक्यू ताई, दादा! आज आजी वॉर्डात होत्या म्हणून विचारलं, तर म्हणाल्या वेणी दोन महिने सूनच घालते. आणि शुगर आहे, दहा वर्षं. फाइलीत मी तेच लिहू ना, वेणी घालता येत नाही असं?

ऑर्थोवाली_सिस्टर
हो, तसंच लिही, आणि खाली गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) मोजून किती डिग्री उचलतात ते पण. दोन्ही हातांचं.