फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत अशुद्ध रक्त कसं?

नर्सिंग_पहिलं_वर्ष
शाळेपासून पाठ आहे: धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध. आता हृदय शिकतेय, तर उजव्या जवनिकेतून, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून, फुफ्फुसाकडे जाते ती धमनी, आणि तिच्यात अशुद्ध रक्त! परत येतात त्या शिरा, आणि त्यांत शुद्ध. चार वेळा आकृती काढली, चारही वेळा लाल-निळ्या पेन्सिली इथेच अडल्या. मैत्रीण म्हणते, अपवाद म्हणून घोकून टाक. मला घोकायचं नाहीये, कळायला हवंय.

शिकवून_निवृत्त
घोकू नकोस, कारण हा अपवाद नाहीच. पाठ केलेलं वाक्यच चुकीचं आहे. हृदयातून बाहेर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. नाव दिशेवरून पडलंय, आतल्या रक्ताच्या रंगावरून नाही.

'अशुद्ध' या शब्दावर तर माझा रागच आहे. त्या शब्दामुळे मुलांना शिरेतलं रक्त गटाराच्या पाण्यासारखं वाटतं. खरं म्हणजे आपण निवांत बसलेलो असताना हृदयाकडे परतणाऱ्या रक्तातल्या हिमोग्लोबिनवर अजून ७५ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन असतो. आतड्यांनी शोषलेली साखर यकृताकडे जाते तीही शिरेतूनच. त्यामुळे 'ऑक्सिजन जास्त' आणि 'ऑक्सिजन कमी' असंच म्हणावं.

प्रात्यक्षिकाला मी बकऱ्याचं हृदय उभं कापून मुलांच्या हातात द्यायचे. दोन्ही जवनिकांच्या भिंती चिमटीत धरून बघा, एवढंच सांगायचे. उजवी भिंत पातळ, बोटांत लगेच दबते. डावी जाड, घट्ट, तिच्यापुढे चिमूट अपुरी पडते. माणसातही तसंच. रक्त दोन्ही बाजू सारखंच ढकलतात, विश्रांतीत मिनिटाला साधारण ५ लिटर. पण उजवीला शेजारच्या फुफ्फुसापर्यंतच पोचवायचं असतं, तिथला वरचा दाब २५ च्या आसपास. डावीला डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत, म्हणून १२०. हे एकदा हाताला कळलं की आकृती आपोआप सुटते.

आणि हो, आकृतीतलं हृदय समोर उभ्या असलेल्या माणसाचं असतं. त्याची उजवी बाजू तुझ्या डाव्या हाताला येते. निम्मा गोंधळ तिथलाच असतो.

नमुना_घेणारा
मी लॅबमध्ये रोज रक्त काढतो. निळी पेन्सिल फक्त आकृतीसाठी. शिरेतलं रक्त गडद लाल, जांभळाच्या जवळ जाणारं, पण निळं कधीच नसतं. शीर निळी दिसते ती कातडीतून प्रकाश जसा परततो त्यामुळे. मनगटातल्या धमनीतून नमुना घेताना फरक डोळ्यांना दिसतो: रक्त लालभडक, आणि दट्ट्या न ओढताही ठोक्याठोक्याने सिरिंजमध्ये चढतं.

नर्सिंग_पहिलं_वर्ष
मॅडम, चिमटीचं वाचलं आणि एकदम उलगडलं. पण शिरांमध्ये झडपा असतात म्हणतात, त्या बाहेरून कळतात का?

शिकवून_निवृत्त
कळतात. विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडलं, तेव्हा हाच पुरावा दाखवला होता. हात खाली सोडून शिरा फुगू दे. शाखा नसलेली एक सरळ शीर निवड. तिच्यावर बोटांच्या बाजूला एक बोट दाबून ठेव आणि दुसऱ्या बोटाने कोपराच्या दिशेने रक्त पुढे सार. दुसरं बोट उचललंस तरी मधला भाग रिकामाच राहतो, कारण पुढची झडप रक्त मागे येऊ देत नाही. आता पहिलं बोट उचल. शीर खालून झटकन भरते.

नर्सिंग_पहिलं_वर्ष
आत्ता केलं! डाव्या हातावर झडपेपाशी बारीक गाठीसारखा उंचवटा दिसला, आणि शीर तिथपर्यंतच रिकामी राहिली. मग नाळेतल्या शिरेत ऑक्सिजन जास्त असतो तेही दिशेमुळेच ना?

शिकवून_निवृत्त
बरोबर. ती वारेकडून बाळाच्या हृदयाकडे येते, म्हणून शीर. बाळाकडून वारेकडे जाणाऱ्या दोन धमन्या असतात. आता तीच आकृती काढ, पण आधी फक्त बाण. रंग शेवटी भर.