वक्राकार दरवाज्याची पिन
वर कुणीतरी लिहिलंय की धरणाच्या वक्राकार दरवाज्यावर पाण्याचा दाब थेट पिनकडे, म्हणजे तो ज्या केंद्राभोवती फिरतो तिकडे जातो, म्हणून सरळ उभ्या दरवाज्यापेक्षा तो उचलायला खूप कमी जोर लागतो. अगदी बरोबर. पण याचीच दुसरी बाजू चर्चेत आली नाही: पाण्याचा जवळजवळ सगळा भार त्या पिनांवर बसतो, आणि त्या गंजल्या तर दरवाजा फिरताना घर्षण दरवाज्याला पिनांशी जोडणाऱ्या लोखंडी हातांना वाकवू पाहतं.

कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम धरणावर १७ जुलै १९९५ रोजी हेच घडलं. जलाशय जवळपास भरलेला, ३ नंबरचा दरवाजा उघडताना हातांमधली एक तिरपी पट्टी निखळली आणि अख्खा दरवाजा कोसळला. जलाशयातलं सुमारे ४० टक्के पाणी निघून गेलं. मूळ आराखड्यात पिनचं घर्षण धरलंच नव्हतं! दरवाजा बंद असेपर्यंत हा दोष दिसत नाही, कारण घर्षणाचा ताण येतो तो दरवाजा हलवतानाच. म्हणून पाहणीत पाणी अडवणारं रबरी सील आणि दरवाजा उचलणाऱ्या दोरांइतकंच पिनच्या ग्रीसकडेही बघा, अशी माझी कळकळीची विनंती.