मदत हवी: ऑपरेशन झालंय तरी किटवर दोन रेषा

जुळे_सोलापूर: वहिनीचं ऑपरेशन झालेलं आहे, तरी प्रेग्नन्सी टेस्टला दोन रेषा आल्या. किट खराब असेल का? दादा म्हणतो असं होऊच शकत नाही. घरात नको ते बोलणं सुरू झालंय. लवकर सांगा.

होटगी_रोड: कसलं ऑपरेशन? पित्ताशयाचंही ऑपरेशनच असतं.

जुळे_सोलापूर: अहो, कुटुंब नियोजनाचं! अजून कसलं?

निवृत्त_सिस्टर: कधी केलं? बाळंतपणात की नंतर बिनटाक्याचं? पाळी किती चुकली? पोटात दुखतंय का?
दिवस जाऊ शकतात. कापलेल्या बीजनळीची टोकं पुन्हा जुळतात, नळी बंद करायला लावलेली रिंग सरकते, क्वचित नळी सोडून शेजारचा लिगामेंटच (गर्भाशयाला धरून ठेवणारा बंध) बांधला जातो. अमेरिकेतल्या १९९६च्या मोठ्या अभ्यासात दहा वर्षांत हजारी १८ जणींना दिवस गेले होते. दादांना हे वाचून दाखवा, आणि वहिनींच्या चारित्र्यावर चर्चा बंद करा.

बार्शीकर_काका: म्हणून म्हणतो, पुरुषांनी नसबंदी करावी. मी केली, काही झालं नाही.

कंबर_तलाव: तीही फेल जाते काका. तीन महिन्यांनी वीर्य तपासून घेतलं होतं का?

बार्शीकर_काका: इथं माझा विषय चाललेला नाही.

सात_रस्ता: डॉक्टरवर सरळ केस ठोका!

कंबर_तलाव: नुसतं फेल गेलं म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, असं सुप्रीम कोर्टानं २००५ला शिवराम प्रकरणात सांगितलंय. सरकारी योजनेत भरपाई मिळते, पण कळल्यापासून ९० दिवसांत दावा करावा लागतो. नसबंदीचं सर्टिफिकेट शोधून ठेवा.

जुळे_सोलापूर: सर्टिफिकेटचं नंतर बघू. ऑपरेशन धाकट्याच्या वेळी, बाळंतपणातच झालं. कालपासून उजवीकडे कळ येतेय, पण तिला गॅसचा त्रास आधीपासून आहे.

अक्कलकोट_नाका: ओवा आणि काळं मीठ द्या कोमट पाण्यात. लगेच उतार पडतो.

निवृत्त_सिस्टर: ओवा ठेवा बाजूला! ऑपरेशन फेल गेल्यावर गर्भ नळीतच राहण्याचा धोका मोठा असतो, त्याच अभ्यासात तिघींत एकीला तसं झालं होतं. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो, जिवावर बेततं. चक्कर, खांद्यात दुखणं असेल तर एक मिनिटही थांबू नका. आत्ता रिक्षा करा, सिव्हिलला जा. सोनोग्राफी आणि रक्तातलं एचसीजी (गरोदरपणाचं हार्मोन) तपासायला सांगा. 'ऑपरेशन झालेलं आहे' हे तिथं पहिल्या वाक्यात सांगा.

जुळे_सोलापूर: निघालोय. दादाही येतोय, गप्प आहे.

मोहोळची_माहेरवाशीण: माझ्या मावसबहिणीला नळी परत जोडून घ्यायचीय, सोलापुरात कुठं होतं? खर्च किती?