माळ्यावर उबंटूची सीडी सापडली. लिनक्सचे तुमचे अनुभव सांगा

दिवाळीची आवराआवर चालू आहे. काल माळ्यावरच्या खोक्यात केबल्सच्या गुंत्याखाली उबंटू ६.०६ ची सीडी निघाली, कागदी पाकिटासकट. (उबंटू म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, विंडोजच्या जागी टाकता येणारी मोफत प्रणाली.) ती हातात घेऊन जिन्यावरच बसून राहिले.

२००६ साल. आम्ही इंदूरच्या रामबागेत राहायचो, मी बी.एस्सी.ला. घरी २५६ एमबी रॅमचा असेंबल केलेला पीसी, त्यावर दुकानदारानेच टाकून दिलेली विंडोज. पेनड्राइव्हमधून व्हायरस आला की डबा रिक्षात घालून सिल्व्हर मॉलला न्यायचा, फॉरमॅटचे पैसे द्यायचे आणि गेलेल्या फायलींसाठी रडायचं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा वर्गातला एक मुलगा म्हणाला, उबंटूवाले सीडी पोस्टाने फुकट पाठवतात. विश्वास बसला नाही, तरी साइटवर पत्ता भरला. काही आठवड्यांनी पोस्टमनकाका दारात! आईचा पहिला प्रश्न, "पैसे किती द्यायचेत?" काहीच नाही, टपालखर्चसुद्धा नाही.

पाकिटावर छापलं होतं की ही सीडी कॉपी करा, मित्रांना वाटा, तो तुमचा हक्क आहे. घरातली बाकी प्रत्येक सीडी चोरून कॉपी केलेली. उजळ माथ्याने कुणाला देता येईल अशी ही एकच. मी अकरा जणांना दिली.

तुमचंही लिहा ना.

सुदामानगर
ताई, टाकू नका हो ती! २०११ ला ती सीडीची योजनाच बंद झाली. माझी भाचा घेऊन गेला तो गेलाच.

जुना_मोडेम
६.०६ म्हणजे २००६ चा सहावा महिना. यायची होती एप्रिलमध्ये, पण लांबली. माझं मोडेम चाललंच नाही त्यावर. आतलं कार्ड होतं, निम्मं काम विंडोजच्या ड्रायव्हरकडून करून घेणारं. नेट नाही म्हणून एमपी३ गाणी वाजवायला लागणारं कोडेकही उतरवता येईना (पेटंटमुळे ते सीडीत नसायचं). बाबा रोज विचारायचे, गाणी कधी लागणार? महिनाभर सायबर कॅफेच्या चकरा मारल्या. त्या महिन्यात जे शिकलो त्यावर आज घर चालतंय.

अन्नपूर्णा_रोड
रामबागेत कुठे ताई? माझं आजोळ तिथलंच.

सुदामानगर
आमच्याकडे २५६ केबीपीएसचं ब्रॉडबँड आलं तेव्हा ७०० एमबीची सीडी उतरवायला सहा तासांच्या वर लागायचे. मध्येच वीज गेली की संपलं.

पलासियाकर
मी आत्ता या वाटेला लागलोय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. माझा लॅपटॉप सहाव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, तब्येतीने ठणठणीत. पण विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचाच प्रोसेसर हवा. चालतं यंत्र भंगारात द्यायचं? मनाला पटेना. मिंट (हेही लिनक्सच) टाकलं. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज, वेबकॅम तपासले आणि मगच डिस्कला हात लावला. नवीन येणाऱ्यांनी हेच करा आणि फायलींची प्रत आधी बाहेर काढून ठेवा.

हिशेबनीस
पलासियाकर, चांगलं केलंत. मला मात्र विंडोज सोडता आली नाही. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) विंडोजवरचीच, आणि डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर लिनक्सवर बसवताना दोन रविवार गेले. शेवटी ऑफिसात विंडोज, घरी लिनक्स. घाई करू नका, आपलं रोजचं काम कशावर चालतं ते आधी बघा.

मंजू_मावशी
कुकर लावलाय तोवर लिहिते.

आमचे नाना (सासरे) मिलमध्ये होते. पंच्याहत्तरीनंतर आठवणी लिहायला बसले. पहिली चार प्रकरणं टायपिंगवाल्याकडून करून घेतली, त्याच्या कुठल्याशा फाँटमध्ये. पुढे मुलाने घरच्या संगणकावर लिनक्स आणि ओपनऑफिस टाकून दिलं. नाना या वयात इनस्क्रिप्ट (देवनागरी टाइप करायची कळांची ठरलेली मांडणी) शिकले. भिंतीवर कळपाटाचा कागद चिकटवला होता. 'गिरण्यांच्या', 'वाऱ्यावर' यांतले दोन र वेगळे उमटले पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. 'वाऱ्यावर'मधल्या र साठी शिफ्ट धरून जे, मग डी, मग य, हे त्यांनीच मला शिकवलं.

२०१२ मध्ये नाना गेले. गेल्या वर्षी पुस्तक काढायचं ठरलं. टायपिंगवाल्याच्या सीडीवरची चार प्रकरणं उघडली तर मराठीचा पत्ता नाही, नुसती चिन्हांची रांगोळी. घरी टाइप केलेल्या नऊ .ओडीटी फायली मात्र लिबरऑफिसमध्ये (ओपनऑफिसमधूनच निघालेलं) जशाच्या तशा. पहिल्या पाळीच्या भोंग्यावर आई दूध तापवायची, ते वाक्य वाचलं आणि मी उठून आत गेले.

सुदामानगर
मावशी 🙏

अन्नपूर्णा_रोड
डोळे भरून आले. पुस्तक आलं की नक्की सांगा.

जुना_मोडेम
मावशी, .ओडीटीची रचना सगळ्यांसाठी खुली आहे, २००६ पासून आयएसओचं मानक आहे. ती फाइल म्हणजे मुळात एक झिप. तिच्यात साधा मजकूर असतो, युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक. म्हणून सॉफ्टवेअर बदललं तरी नानांचा शब्द शाबूत राहिला.

आणि ती चार प्रकरणंही गेलेली नाहीत! त्या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फाँट कळला की उलटा तक्ता करून युनिकोडमध्ये आणता येतं. जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासावे लागतील, ते मी करतो. फाँटचं नाव कुठे लिहिलंय का?

हिशेबनीस
मुद्रितशोधन माझ्याकडे द्या. रविवारी मोकळा असतो.

पलासियाकर
मिंटमध्ये इनस्क्रिप्ट कुठून सुरू करायचं? सापडेना. (आणि सराफ्यात गराडू, म्हणजे ते तळलेले कंद, सुरू झाले का?)

सुदामानगर
कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट, तिथे मराठी शोधा. गराडू अजून नाहीत, थंडी पडू द्या.

मंजू_मावशी
जुना_मोडेम दादा, सीडीच्या पाकिटावर नानांच्या अक्षरात काहीतरी लिहिलंय, फाँटचंच नाव असावं. आमचे हे कपाटातून काढून आणतायत. चष्मा लावून वाचते आणि इथेच टाकते. कुकर झाला.