नाशिकमधले परग्रहवासी, सोळावं वर्ष आणि एक खोटा निरोप: कथेत अडले आहे

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी. दीर्घकथा लिहायला घेतली आहे. आर्या आणि निशांत, दोघं सोळा वर्षांचे, माणसांच्या घरात माणसांसारखे वाढलेले परग्रहवासी. अकरावी सायन्स, कॉलेज रोड. त्यांची जोडी 'तिकडून' आधीच ठरलेली. आणि आर्याचा जीव जडतो वर्गातल्या ओंकारवर, निफाडच्या द्राक्षबागायतदाराच्या मुलावर.

त्या दोघांचा प्रसंग लिहून झालाय. डिसेंबरची पहाट, पारा पाच अंशांच्या खाली, मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवलेल्या. सगळ्यांच्या तोंडातून वाफा निघतायत, आर्याच्या नाही. ओंकारच्या ते लक्षात येतं. काही न विचारता तो आपला मफलर काढून तिच्या तोंडाभोवती गुंडाळतो, बाकीच्यांना दिसू नये म्हणून.

अडले आहे ते निशांतपाशी. फेब्रुवारीत सोमेश्वरच्या धबधब्यावर तो तिला सांगतो, "घरून निरोप आलाय, ओंकारला सोड." निरोप फक्त त्यालाच ऐकू येतो. मला तो खलनायक नकोय. पोरगं एकटं पडायच्या भीतीनं खोटं बोलतंय. पण आर्याला ते कळावं कसं? चोरून डायरी वाचणं वगैरे नको. मुलीनं कुणाशी बोलायचं हे परस्पर ठरवून 'घरच्यांचं म्हणणं आहे' एवढंच तिला कळवायचं, हे मी आजूबाजूला फार पाहिलंय. तीच घुसमट लिहायची आहे.

खगोलवेडा:
ताई, उत्तर अंतरातच आहे. त्यांचं घर सूर्याला सगळ्यात जवळच्या ताऱ्यापाशी, प्रॉक्सिमा सेंटॉरीपाशी धरलं, तरी ते ४.२४ प्रकाशवर्षं लांब. रेडिओ संदेश प्रकाशाच्याच वेगानं जातो. ओंकारची बातमी पोचायला सव्वाचार वर्षं, उत्तर यायला तेवढीच. डिसेंबरात प्रेम आणि फेब्रुवारीत निरोप? आर्या वहीच्या मागच्या पानावर हे गणित दोन ओळींत सोडवेल. फक्त प्रकाशापेक्षा वेगवान संदेशाची सोय कथेत कुठेही ठेवू नका, नाहीतर सगळं ढासळेल.

जुन्नरी:
जागा सुचवतो, खोडद. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावहून आत. तिथे जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला शाळा-कॉलेजच्या पोरांची रीघ असते, तेव्हा सहल सहज नेता येईल. ही दुर्बीण अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपते. संदेशाला किती वर्षं लागतात हे तिथल्या माणसाला भलत्याच कुणीतरी विचारावं, आणि उत्तर ऐकताना आर्यानं निशांतकडे बघावं.

सुलभा_म:
अविश्वास एकतर्फी ठेवू नकोस गं. ओंकारला हिनं किती सांगितलंय, ही धास्ती निशांतलाही असणारच. आणि त्याचा एक उपकार आधी दाखव. पंधरा पूर्ण झाल्यावर आधारसाठी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं पुन्हा द्यावी लागतात. तिचे ठसे माणसासारखे नसतील तर? त्या दिवशी केंद्रावर चक्कर आल्याचं नाटक करून यानंच तिला वाचवलेलं असू दे. ज्याच्या भरवशावर ती आजवर लपून राहिली, त्याचं खोटं तिला कितीतरी जास्त लागेल.

गोदाकाठची:
सुलभाताई, आधार केंद्राचा प्रसंग घेतेच. खोडदही पक्कं. पण मला वाटतं, आर्या तिथे चारचौघांत त्याला काही विचारणार नाही. परतीच्या बसमध्ये मुद्दाम त्याच्याच शेजारी बसेल, वही त्याच्या मांडीवर ठेवेल आणि म्हणेल, "आज रात्री खरा निरोप पाठव. ओंकारचं नाव घालून. उत्तर येईल तेव्हा आपण पंचविशीला टेकलेलो असू, तोवर माझं मी ठरवते." निशांतनं यावर काय बोलावं ते अजून सुचलेलं नाही. संगमनेर येईपर्यंत तो गप्पच आहे. तेवढा भाग रविवारी इथे टाकते. खगोलवेडा, आकडे तुम्ही एकदा तपासून द्या.