अर्जुनी, जि. भंडारा म्हणजे नेमकी कोणती? (कोतवाल पंजी, म्हणजे गावची जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही, शोधायला मदत हवी आहे)

राजेहो, जरा किचकट प्रश्न आहे.

मुलीच्या जात पडताळणीसाठी कागद गोळा करून राहिलो. आम्ही ओबीसी, म्हणजे 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा, जात लिहिलेला पुरावा पाहिजे. बाबांचा शाळेतला दाखल-खारीजचा उतारा 1960 चा आहे, पण जातीच्या रकान्यात गुरुजींनी नुसतं 'हिंदू' लिहून ठेवलंय. जन्मठिकाण 'अर्जुनी, जि. भंडारा'. बस्स. तहसीलही नाही. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये लागले तेव्हापासून आम्ही नागपूरचेच. जुनं सांगणारी आता एक आत्या तेवढी उरली.

गंमत अशी की भंडारा जिल्ह्यातून 1999 मध्ये गोंदिया वेगळा झाला आणि अर्जुनी गेल्या तिकडे. 'गेल्या' म्हणतो, कारण दोन आहेत आणि दोन्ही तालुक्याची ठिकाणं: सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव. दोन्ही जुन्या साकोली तहसिलीतल्या, म्हणजे तहसील लिहिली असती तरी फार उजेड पडला नसता. छोट्या अर्जुन्या आणखी असतील त्या वेगळ्याच.

आत्याला विचारलं तर म्हणते, गावाला तलाव होता. आता भंडारा जिल्ह्यात तलाव नाही असं गाव मला दाखवा! दुसरी खूण, 'गोंदियावरून छोट्या गाडीने जायचो'. म्हटलं सापडलं, अर्जुनी मोरगावला स्टेशन आहे. तर ऑफिसातला एक जण म्हणतो, सडक अर्जुनीवालेही त्याच लाईनवर सौंदडला उतरायचे.

मागच्या महिन्यात सडक अर्जुनीला जाऊन 1954 ची पंजी पाहिली. पानं पिवळी, कडा हाताला लागल्या की भुगा. जन्माच्या नोंदीत बाळाचं नावच नाही, 'मुलगा' किंवा 'मुलगी', आणि बापाचं नाव. आमचे आजोबा सोमा वल्द गोविंदा, म्हणजे गोविंदाचा मुलगा सोमा. तिथे त्या एका वर्षात तीन सोमा निघाले! एक वल्द कवडू, एकाच्या पुढे शाईचा डाग, तिसऱ्याची जात वेगळी. मतदार यादीतही आमचं आडनाव शोधलं, एकही नाही.

आम्ही नव्या सुभेदार लेआउटमध्ये राहतो, अर्धी टपाल जुन्या सुभेदारला जाते. पण पोस्टमन ओळखीचा, आणून देतो. डागाखालच्या सोमाला कोण ओळखणार?

आता मोरगावला जायचं, की त्या डागाचीच नक्कल मागायची? कोणी असा शोध घेतला आहे का?

प्रतिसाद (साकोलीवाला):
डागाच्या नक्कलेत डागच येईल, पैसे वाया घालवू नका. आधी सांगा, बाबा कितवे? पहिलटकरीण असेल तर बाळंतपण माहेरी. मग अर्जुनी हे आजीचं माहेर असू शकते. तुम्ही आडनाव आजोबांचं घेऊन फिरून राहिले, ते तिथे काहून भेटंल? घर शोधायचं तर आजीच्या भावाच्या आडनावाने शोधा. पंजीत मात्र नोंद जन्म झाला त्या गावची, बापाचं नाव आणि जात आजोबांचीच. आणि एकच वर्ष नका पाहू. शाळेत घालताना वय अंदाजे सांगायचे, 1952 ते 1956 सगळं चाळा.

धागाकर्ता:
बाबा थोरलेच! हे सुचलंच नाही बावा. लगेच आत्याला फोन लावला. म्हणते, 'अर्जुनी माझ्या आईचं माहेरच ना रे, तुला काय वाटलं? मामाचं घर स्टेशनाच्या पाठीमागे, गाडीची शिट्टी ऐकून आम्ही धावत सुटायचो.' म्हणजे मोरगाववालीच. सोमवारी निघतो.

मामाचं आडनाव विचारलं तर म्हणाली, ते काही आठवत नाही, सगळे त्याला पाटीलच म्हणायचे.